पी-बेस: एक पिकअप, दोन नॉब, बाकी सगळं हातात

दुकानात स्टुलावर बसून एकट्याने वाजवून पाहिला, तर प्रिसिजन बेस (पी-बेस), म्हणजे फेंडर कंपनीचा चार तारांचा बेस गिटार, बऱ्याच जणांना पहिल्या भेटीत आवडत नाही. आवाज जाडाभरडा वाटतो, वरची चमक कमी, नॉब फक्त दोन, व्हॉल्यूमचा आणि टोनचा. शेजारी टांगलेला चार-पाच नॉबचा, बॅटरीवर चालणारा बेस त्याच्यापुढे श्रीमंत भासतो. आता तेच दोन्ही बेस ऑर्केस्ट्रात न्या. ढोलक, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि समोर काळी चारमध्ये गाणारी गायिका. श्रीमंत बेसची चमक झांजा आणि कीबोर्ड खाऊन टाकतात, त्याचा खालचा घुमारा ढोलकाच्या धुमेत मिसळतो आणि मधे काही उरत नाही. पी-बेसचा जोर नेमका मधे असतो, साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून तो मागच्या खुर्चीपर्यंत सूर म्हणून ऐकू येतो. तो नुसता हादरा राहत नाही.

या बेसवर जीव टाकणारे वाजवणारे त्याच्या कमतरतेवरच जीव टाकतात. फिरवायला काही नसल्यामुळे आवाज ठरवतात तीन गोष्टी: तार, सेटअप (तारा आणि नेकची जुळणी) आणि उजवा हात. म्हणून पैसे कुठे घालायचे आणि वेळ कुठे द्यायचा, याचं गणितही बदलतं. महागडं सर्किट बसवण्याआधी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, विकत घ्या. कोल्हापुरात तर ते गॅरेजला टॅपेट सेट करायला लागणारं रोजचं हत्यार आहे. उद्यमनगरात टूल्सच्या कुठल्याही दुकानात मागा.

हा बेस असा का आहे

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला १९५१ मध्ये हा बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. त्याला पडदे नाहीत, सूर बोटाने शोधायचा. फेंडरने ३४ इंच तारलांबीच्या नेकवर (दांडीवर) २० फ्रेट, म्हणजे पडदे, ठोकले आणि सूर अचूक लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. सुरुवातीचं मॉडेल चपट्या पाटासारखं होतं आणि पिकअपही (तारेचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) साधा, एकाच गुंडाळीचा. १९५४ मध्ये बॉडीच्या कडा पोटाला आणि हाताला लागू नयेत म्हणून उतरत्या केल्या. आज आपण ज्याला पी-बेस म्हणतो तो १९५७ चा: दोन तुकड्यांचा पिकअप, मोठं हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक), चार सॅडलचा ब्रिज (बॉडीवरची घोडी, प्रत्येक तारेला एक सॅडल).

त्या दोन तुकड्यांतच खरी गंमत आहे. एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली, तो नेकच्या बाजूला. दुसरा डी आणि जी तारांखाली, ब्रिजच्या बाजूला थोडा सरकवलेला. प्रत्येक तारेखाली एक नव्हे, दोन चुंबकी खांब, तारेच्या दोन अंगांना. तार जोरात मारली की ती या दोन खांबांच्या मधे डोलते, त्यामुळे ठोक्याची धार जराशी बोथट होते आणि ठोका भरीव लागतो. दोन्ही गुंडाळ्यांची दिशा आणि चुंबकांची बाजू एकमेकींच्या उलट असते. बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्हींत शिरते आणि एकमेकींना मारून टाकते, तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. मंडपात ट्यूबलाइटच्या माळा आणि डिमर असतात, तिथे याची किंमत कळते. जॅझ बेसला, म्हणजे फेंडरच्याच १९६० च्या भावंडाला, दोन स्वतंत्र पिकअप असतात. त्यातला एक बंद केला की मूळ डिझाइनमध्ये गुणगुण परत येते. पी-बेसमध्ये असं बटण फिरवून बिघडवण्यासारखं काही नाही.

कोण वाजवतं म्हटलं तर यादी मोठी आहे, पण शिकण्यासारखे तिघे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन: १९६२ चा पी-बेस, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा, ब्रिजजवळ फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. अमेरिकन स्टुडिओ वादक कॅरोल के: फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजजवळ फेल्ट, पण पिकने वाजवलेला. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस: तोच बेस, त्याही फ्लॅटवाउंड तारा, पण बोटांचा असा मारा की तार फ्रेटवर आपटून खणखणते. तीन टोकांचे तीन आवाज आणि तिघांच्या हातात नॉब तेच दोन.

विकत घेताना

जुना असो की नवा, आधी प्लग लावूच नका. हेडस्टॉकच्या बाजूने एक डोळा मिटून नेककडे बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. फ्रेटबोर्डची कड तारेच्या दिशेने किंचित खोलगट दिसली पाहिजे. उलट फुगीर दिसत असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक जमवणारी सळई) सैल करून ती परत येते का ते विक्रेत्यासमोरच बघावं. नेक पिळलेली असेल, म्हणजे ई तारेकडची कड एकीकडे आणि जी तारेकडची दुसरीकडे झुकत असेल, तर घासाघीस न करता बेस परत टांगा. पिळलेल्या नेकला सेटअप नाही.

ट्रस रॉडची चावी नक्की कोणती लागते ते त्याच वेळी पाहून ठेवा. अमेरिकन मापाची ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. ५ मिमीची चावी तिच्यात शिरत नाही आणि ४.५ ची आत घसरते. घसरून षटकोन गोल झाला की पुढचं काम सेटअपचं राहत नाही, ऑपरेशनचं होतं. आशियात बनणाऱ्या स्वस्त बेसना बहुधा मिलिमीटरची चावी लागते. बेससोबत आलेली चावी हरवलेली असेल तर दोन्ही मापांचा सेट नेऊन बसवून बघा. ती थोडीही हलता कामा नये.

मग चारही तारांवर पहिल्यापासून विसाव्यापर्यंत एकेक फ्रेट दाबा. एकाच जागी खरखर आली तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, ते काम लहान आहे. सगळीकडे आली तर फक्त सेटअप बिघडलाय, आणि हे घासाघिशीला उत्तम. नटपाशी (खुंट्यांजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) नेकची रुंदी हाताला जमते का पाहा. पी-बेसमध्ये ती ४१ ते ४४.५ मिमी असते, जॅझ बेसमध्ये ३८. लहान हातालाही ४१ जमतं. ४४.५ मिमीची नेक मात्र अर्धा तास वाजवूनच ठरवावी. वजन चार किलोच्या आसपास असेल तर ठीक. साडेचारच्या पुढे गेलं तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा आठवण करून देतो.

प्लग शेवटी. दोन्ही नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यात बहुतेक वेळा जाते.

सेटअप: क्रम मोडू नका

तारा, मग नेकची खोलगटी, मग तारांची उंची, मग सुराची लांबी, मग पिकअप. हा क्रम उलटा केला की प्रत्येक पायरी आधीची मोडते. सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो तो इथेच.

तारा बदलताना पी-बेसची एक खोड लक्षात ठेवा. खुंटीला मधे भोक आणि फट असते. तार खुंटीपर्यंत ताणा आणि तिथून पुढे साधारण १०-१२ सेंटिमीटर मोजा. त्या जागी तार आधी काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. सरळ तार कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होऊ शकतं. मग ती तार कायमची मुकी, आणि दुकानदार परत घेणार नाही. टोक भोकात घाला, वरून खाली उतरत जाणारे दोन-तीन वेढे घ्या. ए तारेचे वेढे मुद्दाम खालपर्यंत उतरवा. डी आणि जीला दाबून धरणारं छोटं बटण हेडस्टॉकवर असतं, ए तारेला बहुतेक बेसवर नसतं. तिचा कोन उथळ राहिला तर मोकळी ए नटात झणझणते आणि माणूस उगाच फ्रेटवर संशय घेतो.

तारा चढल्या, सुरात लावल्या, आता खोलगटी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, उजव्या हाताने ई तार नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खाली ०.३० मिमीची फिलर गेजची पात सरकवा. तार न उचलता पात अलगद गेली आणि वर जागा उरली नाही, तर नेक ठीक. तार उचलली गेली तर खोलगटी कमी आहे, रॉड सैल करा, म्हणजे घड्याळाच्या उलट. पात सैल हलली तर रॉड आवळा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक पावाला परत सुरात लावून परत मोजायचं. लाकूड थोडं उशिरा ऐकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पुन्हा पाहा. जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा. जुन्या धर्तीच्या बेसमध्ये रॉडचं डोकं नेकच्या बॉडीकडच्या टोकाला लपलेलं असतं. तिथे तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढूनच पोचावं लागतं. स्क्रूड्रायव्हर तिरका घालून पिकगार्ड ओरखडू नका.

उंची सतराव्या फ्रेटवर मोजायची, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. ई तारेला २.४ मिमी, जीला २ मिमी, मधल्या दोघी त्यांच्या दरम्यान चढत्या-उतरत्या. हात जड असेल तर ई २.८ पर्यंत न्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी नसेल तर २.५ मिमी ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी फ्रेट आणि तारेमधे धरली तरी काम होतं. सॅडलला दोन-दोन बारीक स्क्रू असतात, दोन्ही सारखे उतरवा, नाहीतर सॅडल तिरका उभा राहतो आणि वाजवताना हळूहळू घसरतो. स्क्रू तळाला टेकले तरी तार उंचच असेल तर दोष सॅडलचा नाही, नेकच्या कोनाचा. नेक उतरवून खाचेच्या ब्रिजकडच्या कडेला व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा, पूर्ण रुंदीचा, ठेवा. पाव मिलिमीटरचा तुकडा पुरतो.

नट तपासायला तिसरा फ्रेट दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तारेखालून केसभर उजेड दिसला पाहिजे. उजेडच नाही तर मोकळी तार फ्रेटवर घासते. उजेड फार असेल तर पहिल्या फ्रेटचा सूर चढा लागतो, म्हणजे ई तारेवर पांढरी चार नेहमी बोचरी. खाच घासायची असेल तर तारेच्या जाडीच्या फाइलनेच, दोन फेऱ्या मारायच्या आणि परत मोजायचं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर ज्या धीराने काम करतो तोच धीर इथे हवा, फक्त उद्देश उलटा: तिथे तार घोडीवर घासून बोलायला हवी, इथे नटात तिने गप्प बसायला हवं. एकदा जास्त घासलं की नट नवा.

सुराची लांबी जमवायला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. शेवटी ई चा सॅडल सर्वांत मागे आणि जीचा सर्वांत पुढे असा जिना दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तार जुनी झाली आहे, सॅडल फिरवत बसू नका. मोबाइलमधला ट्यूनर मोकळी ई, म्हणजे ४१ हर्ट्झ, नीट पकडत नाही आणि काटा नाचतो. बाराव्याचा हार्मोनिक ८२ हर्ट्झचा असतो, त्यावर लावा.

पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खांबाच्या माथ्यापासून अंतर मोजा: ई-ए तुकड्याला ३ मिमी, डी-जी तुकड्याला २.५. ही फक्त सुरुवात, पुढचं कानाने. चारही तारा सारख्याच जोराने वाजवा. जो तुकडा मोठा बोलतो तो खाली करा, दुसरा वर करू नका. फार जवळ गेलेलं चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर ई तारेत एकाच वेळी दोन सूर हेलकावल्यासारखे ऐकू येतात. स्क्रू सैल करूनही पिकअप वर येत नसेल तर त्याखालचा फोम चेपून पापड झालाय, नवा घाला.

तारा, फोम आणि टोनचा नॉब

४५-६५-८५-१०५ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) हा राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेला, सेट सगळीकडे मिळतो आणि रॉक, गॉस्पेल, कॉलेजच्या बँडला चालतो. पण पी-बेसचा जो आवाज लोकांच्या कानात बसलाय तो फ्लॅटवाउंडचा आहे. वरची पट्टी सपाट असते, त्यामुळे बोट सरकल्याची शीळ येत नाही आणि सूर लवकर बसतो. सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी किंवा भावगीतं करायची असतील तर दुसरा विचार नको. जेमर्सनच्या ५२-११० जाडीच्या मागे मात्र लागू नका. त्या तारा नेकला एवढ्या ओढतात की ट्रस रॉड नव्याने जुळवावा लागतो, आणि नवख्याचं करंगळीचं बोट आठवड्यात हार मानतं. ४५-१०५ चे फ्लॅटवाउंड घ्या. महाग असतात, पण वर्षानुवर्षं चालतात, उलट सहा महिन्यांनी जास्त छान वाजतात. सेट बदलला की खोलगटी पुन्हा मोजायची, हे सांगायला नकोच.

फ्लॅटवाउंड परवडत नसतील तर फोम. पूर्वी फेंडर स्वतःच ब्रिजवर धातूचं झाकण देत असे आणि त्याच्या आत फोमची पट्टी चिकटवलेली असे. सीटकव्हरवाल्याकडे उरलेला तुकडा फुकट मिळतो. ७ सेंटिमीटर लांब, २ रुंद, आणि जाडी तार आणि बॉडीमधल्या फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त. तो तारांखाली सॅडलला चिकटून सरकवा. तारा वर उचलल्या जाता कामा नयेत, नुसत्या टेकल्या पाहिजेत. सॅडलपासून एक सेंटिमीटर पुढे सरकला की सूर मरतो आणि नुसता ‘ठक’ उरतो. मऊ फोम घ्या. भांडी घासायचा स्पंज चालतो, त्याची हिरवी खरखरीत बाजू सोलून टाका.

टोनचा नॉब लोक पूर्ण उघडा ठेवतात किंवा पूर्ण बंद. मधल्या वाटा शोधा. अर्ध्यावर ठेवून पिकअपच्या बरोबर वर बोटाने वाजवा, हा झाला कामाचा आवाज. तिथून हात नेकच्या टोकाकडे नेला की गोलाई येते, ब्रिजकडे नेला की बांधीव होतो. तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून अंगठ्याने वाजवलं तर लावणीच्या ढोलकीखाली हा बेस काटा किर्र बसतो. जुन्या बेसवर जी तारेच्या खाली लाकडाची पट्टी दिसते तीही अंगठ्यासाठीच: बोटं तिच्यावर अडकवून अंगठ्याने वाजवायचं, अशी मूळ कल्पना होती.

आतला कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘४७३’ म्हणून मागा. जुन्या मॉडेलमध्ये ०.१, म्हणजे ‘१०४’, असायचा, तो नॉब बंद केल्यावर जास्त झाकतो. दोन्ही नॉब २५० के चे. हजारोंचे ‘व्हिंटेज’ कपॅसिटर नेटवर विकले जातात. नॉब पूर्ण उघडा असताना त्यांचा फरक ओळखणारा कान सापडणं कठीण आहे.

स्टेजवर

गायक पट्टी सांगतो काळी-पांढरीत, आणि बेस शिकवणारे व्हिडिओ सांगतात ई-एफ-जी. दोन्हींची सांगड एकदाच घाला. मोकळी ई म्हणजे पांढरी तीन. त्याच तारेवर ठिपक्यांचे तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट म्हणजे पांढरी पाच, सहा, सात. चौथा काळी चार, सहावा काळी पाच. ए तारेवर तिसरा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन. काळी एकला षड्ज ए तारेच्या चौथ्यावर, आणि खालचा पंचम सरळ वर ई तारेच्या त्याच चौथ्यावर. पट्टी कुठलीही असो, ए तारेवर सा धरला की खालचा प त्याच फ्रेटमध्ये असतो, त्यामुळे ऐनवेळी गायकाने पट्टी बदलली तरी हाताचा आकार तोच ठेवून सरकता येतं. पांढरी एक ते काळी दोन या चार पट्ट्यांना मात्र ए तारेवरच्या सा च्या खालचा सा या बेसवर नाही. पांढरी दोनच्या गाण्यासाठी ई तार एक पूर्ण सूर उतरवून घेतात, गाणं संपल्यावर चढवायला विसरू नये एवढंच.

मिक्सरला वायर थेट लावू नका. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला पुढे १ मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट दहा-वीस किलोओहमचा असतो, तिथे वरचा सगळा आवाज मरतो आणि लोक बेसला नावं ठेवतात. मधे ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) हवा, तो मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यावर चालतो. साउंडवाल्याला तीन गोष्टी सांगा: ४० हर्ट्झच्या खालचं काप, २५० जवळ घुमत असेल तर दोन-तीन डीबी कमी कर, आणि सूर ऐकू येत नसेल तर ८० वाढवण्याऐवजी ७००-८०० वाढव. साउंडवाले सवयीने ८० वाढवतात, त्याने सूर स्पष्ट होत नाही, मंडपाचे पत्रे तेवढे वाजतात.

विजेचं एक. बेसच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जनरेटरवर अर्थिंग नसेल आणि तुमचा ॲम्प एका फेजवर, माइक दुसऱ्यावर असेल, तर गाताना ओठाला बसणारा झटका जिवावर बेतू शकतो. साउंडचेकच्या आधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघायचा. दिवा लागला तर वाजवायला उभं राहायचं नाही, आयोजक कितीही घाई करो. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण ‘घालवणाऱ्या’ माणसापासून लांब राहा. गुणगुण डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टने घालवतात.

आवाज गेला तर मीटर काढा

केबलचं एक टोक बेसला, दुसऱ्या टोकाच्या टिप (शेंडा) आणि स्लीव्हला (दांडा) मल्टीमीटर, दोन्ही नॉब पूर्ण उघडे. साधारण १० किलोओहम दाखवत असेल तर पिकअप धडधाकट, दोष पुढे आहे. ५ च्या आसपास असेल तर एक गुंडाळी शॉर्ट झाली. दोन तारा मुक्या होतील आणि उरलेल्या दोघींत गुणगुण येईल, कारण ती मारणारी जोडीदारीण गेली. २५० दाखवत असेल तर पिकअपची साखळी तुटली आणि मीटर फक्त व्हॉल्यूमचा नॉब मोजतोय. दोन्ही तुकडे एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे एक वायर सुटली तरी चारही तारा जातात. बहुतेक वेळा दोन तुकड्यांमधली छोटी वायर सुटलेली असते, सोल्डरचा एक थेंब पुरतो. शून्य असेल तर जॅकमध्ये शॉर्ट, तिथूनच सुरुवात करा.

पिकअप बदलल्यावर सूर नेहमीसारखा पण गुणगुण प्रचंड, अशी तक्रार असेल तर एका तुकड्याच्या दोन वायरी उलट लागल्यात. प्रत्येक तार एकाच तुकड्याला ऐकू येते, म्हणून सुरात फरक पडत नाही आणि चूक सापडत नाही. त्या दोन वायरी अदलाबदल करा. आणि तारेला हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर ते ठीकच आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर सुटली आहे. ब्रिजचे स्क्रू काढा, वायरचं टोक चकचकीत खरवडून परत दाबा.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात नेक हलणारच. कुठल्या बाजूला आणि किती, हे लाकडाच्या रेषांवर अवलंबून असतं, म्हणून अंदाजाने चावी फिरवू नका, फिलर गेजने मोजा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा, गणपतीच्या आठ दिवस आधी एकदा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर एकदा, एवढं पुरतं. पेठांतल्या जुन्या घरांच्या ओल धरणाऱ्या भिंतीला बेस टेकवून किंवा टांगून ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण महिन्याला त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा, नाहीतर त्याच ओल धरून बसतात. वाजवून झाल्यावर सुती कपडा तारेच्या खालून-वरून फिरवा. रोझवूडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदा तेलाचे दोन थेंब, तेही लगेच पुसून. मेपलच्या लॅकर मारलेल्या बोर्डला तेल अजिबात नाही.

पट्टा मात्र कोल्हापुरातच करून घ्या. बाजारातला ५ सेंटिमीटरचा नायलॉनचा पट्टा खांद्यात रुततो. चपलेचं कमावलेलं चामडं वापरणाऱ्या कारागिराला ७ ते ८ सेंटिमीटर रुंद, ३ मिमी जाड पट्टा सांगा, लांबी ११० ते १४० पर्यंत कमी-जास्त होणारी. टोकाचं भोक ८ मिमी आणि त्याला आतल्या, म्हणजे खांद्याच्या दिशेने एक सेंटिमीटरची चीर, म्हणजे बटण घट्ट आत जातं आणि बेसच्या वजनाने चीर उघडत नाही. चीर बाहेरच्या टोकाच्या दिशेने मारली तर बेस ओढला की ती रुंदावते आणि एक दिवस स्टेजवर हेडस्टॉक आधी खाली येतो. आणि आतली बाजू न रंगवलेली ठेवायला सांगा, घामात रंग सुटतो आणि पांढऱ्या शर्टावर तिरका पट्टा उमटतो.